काळ्या दगडाचं एक्स्पोजर

पहाटे 5:15, वाई

काम एका दिनदर्शिकेचं आहे. बारा पानं आणि एकच नदी: वाईपासून सांगलीपर्यंतची कृष्णा. काम देणाऱ्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की फोटो सुंदर हवेत. अट मी माझी मीच घातली. बाराही पानांवर डिसेंबरातल्या एकाच दिवसाचा उजेड असावा.

डिसेंबर निवडण्यामागे हिशेब आहे. या दिवसांत भर दुपारीही वाईच्या आकाशात सूर्य 49 अंशांच्या वर चढत नाही. मेच्या मध्यावर तो इथे थेट डोक्यावर येतो, सावल्या पायाखाली जातात आणि कोरीव दगडाचा सगळा उठाव सपाट होतो. पावसाळ्यात नदी देखणी असते, पण घाटाच्या पायऱ्या तिच्या पोटात असतात. पुढे कृष्णामाईचा उत्सव सुरू झाला की घाटांवर मांडव पडतात. म्हणून पायऱ्या दिसतील, पाणी संथ असेल आणि ऊन दिवसभर तिरकं राहील, हे तिन्ही एकत्र जमतं ते आत्ता.

लॉजच्या खाटेवर बॅग उघडून दिवसभर न बदलणाऱ्या गोष्टी आधी लावून घेते. फाइल रॉ. ट्रायपॉडवर असेन तोवर आयएसओ 100. व्हाइट बॅलन्स 5200 केल्विनवर पक्का बांधलेला. तो ऑटोवर सोडला की कॅमेरा पहाटेचा निळा रंग आणि उन्हाचा तांबूस रंग दोन्ही धुऊन काढतो, आणि पहाटे सहाचा घाट सकाळी दहाच्या घाटासारखा दिसू लागतो. रॉ फाइलमध्ये हे नंतरही बदलता येतं, मान्य. पण मागच्या पडद्यावर मला जे दिसतं त्यावरून मी पुढचा फोटो ठरवते, म्हणून तिथेच खोटं दिसून चालत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवते. आज प्रत्येक फोटोची वेळ मला मिनिटापर्यंत हवी आहे.

बाकी सगळं, म्हणजे ॲपर्चर, शटर आणि एक्स्पोजर किती खाली ओढायचं, ते समोरचा दगड ठरवेल.

पहाटे 6:05, गणपती घाट

कॅमेऱ्यातलं मीटर एक गोष्ट गृहीत धरून चालतं: समोर जे काही आहे ते सरासरीनं मध्यम करडं आहे. बर्फ असो, कोळसा असो, त्याला फरक पडत नाही. कृष्णाकाठी हे गृहीतक पहिल्याच पायरीवर मोडतं. इथले घाट, दीपमाळा, ओवऱ्या, नंदी सगळे दख्खनच्या काळ्या बेसॉल्टचे आहेत. मीटरच्या भरवशावर राहिलं तर कॅमेरा या दगडाला उजळवून सिमेंटच्या रंगाचा करतो. वाईचे असे फोटो मी ढिगानं पाहिलेत. आकाश पांढरंफटक, पाणी फिकट आणि अडीचशे वर्षांचा घाट काल बांधल्यासारखा.

माझ्या दिवसभराच्या कामाचा गाभा एवढाच आहे: काळा दगड काळा राहिला पाहिजे आणि तरी त्यावरची छिन्नीची खूण दिसली पाहिजे.

यासाठी वापरते ती रीत जुनी आहे. अमेरिकेत 1940 च्या आसपास ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पायरीपायरीनं विभागणी केली. मध्यम करडा पाचव्या पायरीवर. पोत शाबूत असलेला काळा तिसऱ्या पायरीवर, म्हणजे दोन स्टॉप खाली. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. मी मीटर स्पॉटवर ठेवते, घाटाच्या कोरड्या दगडावर रोखते आणि त्यानं सांगितलेल्या आकड्याच्या दोन स्टॉप खाली उतरते. भिजलेल्या पायरीवर रोखत नाही. ओला दगड आणखी काळा असतो आणि वरून आकाश परावर्तित करून चमकतो, त्यामुळे मीटर दोन्ही बाजूंनी फसतं.

अजून अंधार आहे. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, पुराचं पाणी तिच्यावर येऊन दुभंगावं म्हणून. सतराशेबासष्टचं असं नुसतं सनावळीत वाचून ही भिंत कळत नाही. तिच्या टोकाशी, पाण्याच्या पातळीला बसल्यावर कळते. इथे ज्यानं आराखडा केला त्याला नदीचा स्वभाव ठाऊक होता. मला आज देवळाचा दर्शनी भाग नको, ही पाठ हवी आहे.

24 मिलिमीटरची लेन्स, एफ/8. फुल फ्रेम कॅमेऱ्यात या जोडीला फोकस 2.4 मीटरवर ठेवला की 1.2 मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव येतं. पायाशी असलेली पायरी आणि मागचं शिखर, दोन्ही. एफ/16 किंवा एफ/22 वर जायची गरज नाही. तिथे उजेड छिद्राच्या कडेवर विखरून उलट बारीक रेघ बोथट होते. अंधारात ऑटोफोकस चाचपडतो, म्हणून टॉर्च लावून अंतर हातानंच लावते. कॅमेरा काटेकोर सपाट. वाइड लेन्स जरा वर केली की शिखर मागे कलंडलेलं दिसतं. त्यापेक्षा खालची पायरी थोडी जास्त आली तर येऊ दे. घाटाच्या फोटोत पायरी जास्त झाली म्हणून कोणी तक्रार केलेली नाही.

6:20 ला शटर 8 सेकंद. इथून पुढे दर चार-पाच मिनिटांनी उजेड दुप्पट होतो. ॲपर्चर आणि आयएसओला हात लावत नाही, फक्त शटर उतरवत जाते: 4 सेकंद, 2, 1, अर्धा. पाणी पहिल्या फोटोत गुळगुळीत आहे, शेवटच्यात त्यावर सुरकुत्या दिसतात. दोन्ही खरे. पण दिनदर्शिकेत लावायचा तो दोन सेकंदांचा. त्यात वाहतं पाणी भिंतीच्या टोकाशी वळताना दिसतं, आणि हा फोटो त्या वळणासाठीच आहे.

एक आजी तांब्या घेऊन उतरतात. मी कॅमेरा खाली करते.

"काढ गं काढ, देवळाचा काढ. माझा नको. अंघोळ करून येते, मग माझाही काढ."

घाट हे लोकांचं न्हाणीघर-अंगण असतं. लांबची लेन्स लावून न सांगता कोणाला टिपायचं नाही, हे सेटिंग मला ॲपर्चरइतकंच पक्कं वाटतं. आजी खरंच अर्ध्या तासानं आल्या, ओल्या केसांवर पदर घेऊन. 85 मिलिमीटर, एफ/4, 1/250. चेहऱ्यामागे काळी भिंत. याच भिंतीमुळे चेहरा उजळतो, फ्लॅश काढायची वेळच येत नाही.

सकाळी 7:25, पलीकडचा काठ

सूर्य पंचांगाप्रमाणे सातच्या सुमारास उगवला, पण वाई डोंगरांच्या कुशीत असल्यानं ऊन पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्यात पूल ओलांडून समोरच्या काठावर येते. पाण्यावरून वाफ उठतेय.

इथे दोन गोष्टी भांडतात. धुकं पांढरट असतं, कॅमेरा त्यालाही करडं करतो, म्हणून धुक्यासाठी एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप वर न्यावं लागतं. दगडासाठी मात्र खाली. एकाच चौकटीत दोन्ही असले तर कोणाचं ऐकायचं? आधी ठरवावं लागतं की या फोटोत काय गेलं तरी चालेल. उन्हात आलेलं धुकं जळून कोरा कागद झालं तर परत मिळत नाही, रॉ फाइलही ते देऊ शकत नाही. सावलीतला दगड मात्र रॉमधून थोडा वर काढता येतो. म्हणून हिस्टोग्रामचं उजवं टोक सांभाळते, धुक्याची सर्वात उजळ जागा त्या टोकाला टेकू देत नाही, आणि दगड जिथे पडेल तिथे पडू देते.

70 मिलिमीटरची लेन्स लावल्यावर घाटांची रांग जवळ जवळ येते. वाईचे घाट आळ्यांच्या नावांनी ओळखले जातात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, रामडोह. समोरून पाहिलं की लक्षात येतं, हे गाव नदीकडे तोंड करून बसलेलं आहे. रस्त्यावरून येणाऱ्याला त्याची पाठच दिसते. एफ/8, 1/125. कपडे धुणाऱ्या बायका सुरू झाल्या आहेत. शिंतोडे गोठवायचे तर 1/1000 हवं, आयएसओ 800 करावं लागेल. मी 1/15 वर एक काढते. आपटणारा हात पुसट, बाई आणि पायरी ठाम. कष्टाचं काम गोठवून ठेवलं की ते खेळासारखं दिसतं.

परतताना काशी विश्वेश्वराच्या नंदीपाशी पाच मिनिटं. गुळगुळीत काळ्या दगडावर आकाश चमकतं, पोलरायझर फिरवून चमक निम्मी ठेवते. पूर्ण काढली तर दगड मेल्यासारखा होतो.

सकाळी 8:40, मेणवली

वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ आणि अर्धचंद्राकार पायऱ्यांचा घाट. 2004 च्या 'स्वदेस'मुळे हा घाट देशभर डोळ्यांत बसला, आणि त्याचा एक तोटा झाला. प्रत्येक जण त्याच जागी उभा राहून तोच फोटो काढतो. मी पायऱ्यांचा वरून एकच काढते, पिंपळाच्या सावल्या पायऱ्यांवरून मोडत उतरताना, आणि घंटेकडे वळते.

ही घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. या घंटेवर 1707 हे साल आहे आणि बाळाला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. शंकराच्या दारात टांगलेली. तिचा फोटो म्हणजे नुसती घंटा नव्हे. तिच्यामागे नदी दिसलीच पाहिजे, कारण समुद्रकाठची वस्तू कृष्णाकाठी येऊन राहिली, ही खरी गोष्ट आहे.

अडचण अशी की घंटा सावलीत आणि मागची नदी उन्हात. मीटरनं मोजलं तर दोघींत सहा स्टॉपचं अंतर. सोपा उपाय म्हणजे दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं तीन फोटो काढून संगणकावर जोडायचे. मी ते टाळते. तसल्या जोडकामात सावलीला सावलीपण उरत नाही, सगळं सारख्याच उजेडात न्हालेलं दिसतं. त्याऐवजी गाडी चालवणारे दादा थर्माकोलची पांढरी शीट धरतात.

"ताई, हितं?"

"अजून खाली दादा. घंटेच्या कमरेइतकं. हां, आता जरा तिरकं."

उजेड खालून आणि बाजूनं घासत गेला की उठावाची आकृती उभी राहते. समोरून आला असता तर अक्षरं पुसली गेली असती. अंतर सहावरून चार स्टॉपवर आलं, तेवढं सेन्सर सहज पेलतो. एफ/8, 1/60, आयएसओ 200. नदी जरा उजळ गेली आहे. जाऊ दे.

सकाळी 10:50, माहुली

साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा भेटतात. एका काठाला संगम माहुली, दुसऱ्याला क्षेत्र माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं हे गाव. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 मध्ये बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ संगमाशी उभं आहे.

फोटो काढणारे या वेळेला कॅमेरा बंद करून पेढे घ्यायला साताऱ्यात जातात. ऊन कडक झालं म्हणे. मला माहुलीसाठी हेच ऊन लागतं. देवळाच्या भिंतीवरची शिल्पं उथळ कोरलेली आहेत, मऊ उजेडात ती वाचताच येत नाहीत. डिसेंबरातलं अकराचं ऊन भिंतीला तिरकं घासतं आणि प्रत्येक कडेला आपली बारीक सावली मिळते.

इथे मीटरकडे मी पाहतसुद्धा नाही. फिल्मच्या काळापासून एक हिशेब चालत आलेला आहे: स्वच्छ उन्हात ॲपर्चर 16 ठेवा, शटर आयएसओच्या आकड्याइतकं. आयएसओ 100 असेल तर एफ/16 ला 1/100. मी एक स्टॉप उघडून एफ/11 ला 1/200 लावते. या हिशेबाची गंमत अशी की तो दगडावरून परतलेला उजेड मोजत नाही, दगडावर पडणारं ऊन धरून चालतो. म्हणून काळा आपोआप काळा येतो आणि पांढरा पांढरा. सगळ्या महागड्या मीटरांनी सकाळपासून मला जे भांडायला लावलं, ते हा तोंडी हिशेब एका ओळीत मिटवतो.

शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचं शिल्पही इथेच. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं, अशी हकिकत गावात सांगतात. दगडी कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला कॅमेरा आणते. वरून काढला की तो खेळणं दिसतो, समोरासमोर काढला की राखण करणारा.

एक बाबा विचारतात, "कुटनं आलासा?" वाईहून, आणि सांगलीला चाललेय म्हटल्यावर म्हणतात, "म्हंजे पाण्यासंगट निगालाय."

दुपारी 1:00, कराड

कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. पोलरायझर लावला की पाण्यावरची चकाकी उतरते आणि दोन्ही प्रवाहांच्या रंगांतला फरक दिसतो. पाण्यावर त्याचा परिणाम आपण किती तिरकं पाहतो त्यावर ठरतो, म्हणून योग्य कोन मिळेल तिथे उभी राहते. फिल्टर दीड स्टॉपहून थोडा जास्त उजेड खातो, एफ/8 ला 1/400 च्या जागी 1/125 लागतं. हा संगम काठावरून पुरता कळत नाही, उंचीवरून पाहायला हवा. एक फोटो, मग झुणका-भाकर, मग गाडी.

दुपारी 3:50, सांगली, गावभाग

वाईची नदी आणि सांगलीची नदी एकच असली तरी तिचं गावाशी नातं वेगळं आहे. वाईत ती घाटाखाली असते. सांगलीत लोक तिची उंची फुटांत सांगतात. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात इथल्या घराघरांत हे आकडे भावपत्रकासारखे बोलले जातात. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. त्याआधीचा 2005 चा पूर आणि नंतरचा 2021 चा, दोन्हींची तुलना त्याच आकड्याशी होते.

दिनदर्शिकेत पूर कशाला, असं मला काम देणाऱ्यांनी विचारलं होतं. कारण सांगलीचं नदीकाठचं सौंदर्य त्याशिवाय अर्धंच आहे. पण पुराचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत: होड्या, छपरं, हेलिकॉप्टर. मला पाणी नसतानाची पाण्याची उंची दाखवायची आहे. डिसेंबरात. कोरड्या गल्लीत.

त्यासाठी भूमितीतली एक साधी गोष्ट उपयोगी पडते. कॅमेरा अगदी सपाट धरला, वर नाही की खाली नाही, तर लेन्सच्या उंचीवर असलेली जगातली प्रत्येक गोष्ट फोटोच्या बरोबर मधल्या आडव्या रेषेवर येते. जवळची असो, लांबची असो. म्हणजे लेन्स जर 2019 च्या पाण्याच्या उंचीवर ठेवली, तर फोटोच्या मधोमध अदृश्य रेषेत पुराची पातळी येते. तिच्या खालचं सगळं बुडालेलं, वरचं सुटलेलं. काहीही रंगवायला नको, काहीही जोडायला नको.

गावभागातल्या एका घराच्या भिंतीवर निळ्या रंगाची रेघ आहे. घरातले काका बाहेर येतात.

"रेघ खरी हाय, ताई. मीच मारलीया. पाणी उतराय लागल्यावर खिळ्यानं खूण केली, मग वाळल्यावर रंगवली. हितवर आलतं बगा."

हितवर म्हणजे दाराच्या चौकटीच्या वर. ट्रायपॉड तेवढा उंच होत नाही. काकांच्या समोरच्या घराला बाहेरून जिना आहे, तिथल्या मावशींनी वरच्या पायरीवर उभं राहू दिलं, वर चहाही आणला. आता या बाजूच्या रेघेची उंची त्या बाजूच्या जिन्यावर न्यायची. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. एक टोक काकांनी रेघेला धरलं, दुसरं मी लेन्सला. दोन्हीकडचं पाणी थांबलं तिथे कॅमेऱ्याचा मध्य आणला.

आता सेटिंग. गल्ली पश्चिमेकडे उतरती, पलीकडच्या टोकाला नदीकडचा उजेड. 35 मिलिमीटर, कारण याहून वाइड घेतली तर गल्ली ताणली जाते आणि उंचीचा अंदाज चुकतो. इथे उंची हाच विषय आहे. एफ/11, जवळच्या मोटरसायकलपासून टोकाच्या विजेच्या खांबापर्यंत सगळं स्पष्ट लागेल. आयएसओ 200, शटर 1/60. गल्ली सावलीत आहे, 5200 केल्विनला ती निळसर येते. सकाळपासून बांधून ठेवलेला व्हाइट बॅलन्स इथेही सोडत नाही. निळसर राहू दे.

एक्स्पोजर या वेळी दगडासाठी नाही, माणसांसाठी लावते. गल्लीत शाळेतून सुटलेली पोरं, दळण घेऊन चाललेली बाई, ओट्यावर भडंग निवडत बसलेल्या दोघी. सगळ्यांचे चेहरे वाचता आले पाहिजेत. टोकाचं आकाश पांढरं पडतं. आज दिवसभरात पहिल्यांदाच मी उजळ बाजू पूर्ण सोडून देते, आणि मुद्दाम सोडते.

काका पडद्यावर पाहतात. मी बोटानं मधली रेषा दाखवते.

"म्हंजे ह्याच्या खालचं समदं पाण्यात?"

"हो काका."

"दुकानाची पाटी बी?"

"पाटीपण."

काका बराच वेळ पाहतात. "पोरं किती खाली हायती," एवढंच म्हणतात, आणि मावशींना हाक मारून पडद्यापाशी बोलावतात.

वाईच्या रास्त्यांच्या भिंतीचा फोटो आणि हा फोटो मी एकाच दिनदर्शिकेत घेते आहे ते यासाठीच. एका ठिकाणी नदीला वाट द्यायची म्हणून भिंत निमुळती केली. दुसऱ्या ठिकाणी नदी किती वर आली ते भिंतीवर लिहून ठेवलं. दोन्ही भिंती नदीला मानणाऱ्या लोकांच्या आहेत.

सायंकाळी 5:25, कृष्णाकाठ

वाटेत पटवर्धनांचं गणपती मंदिर. काळ्या दगडावर तांबडं ऊन, दोन स्टॉप खाली, सकाळचाच हिशेब. दहा मिनिटांत आटोपतं.

सांगली कृष्णेच्या पूर्व काठावर आहे, समोर सांगलीवाडी. म्हणून इथल्या घाटावर सूर्य पाण्यापलीकडे मावळतो, आणि डिसेंबरात तो नैर्ऋत्येकडे बराच सरकलेला असतो. पोरं पाण्यात उड्या मारताहेत. सूर्य त्यांच्या मागे. सूर्याच्या बाजूच्या आकाशावर मीटर रोखून तेवढंच घेते: एफ/5.6, 1/1000, आयएसओ 200. पोरं पूर्ण काळी येतात, कडेला सोनेरी रेघ. चेहरे गेले, पण हवेतली उडी राहिली. एक पोरगा ओरडतो, "दीदी, परत मारू का?" तो परत मारतो. पहिल्यापेक्षा ही चांगली.

सायंकाळी 6:15, आयर्विन पूल

1929 चा पूल, त्या वेळच्या व्हाइसरॉयच्या नावाचा.  पुलावर ट्रायपॉड लावत नाही. वाहन गेलं की कंप येतो आणि दहा सेकंदांच्या फोटोत तो उतरतो. काठावर, वाळलेल्या गाळावर ट्रायपॉडचे पाय दाबून रोवते. लेन्समधलं थरथर आवरणारं यंत्र बंद करते. ट्रायपॉडवर ते चालू ठेवलं तर ते नसलेली थरथर शोधत बसतं आणि फोटो हलवतं. बटण बोटानं दाबायचं नाही, दोन सेकंदांचा टायमर.

वेळ थोडा असतो. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आकाशाची निळाई आणि पुलावरच्या दिव्यांचा उजेड तोलात येतात. आधी दिवे फिके, नंतर आकाश काळं. तेवढ्या काळातच काम करायचं. एफ/11, आयएसओ 100, 10 सेकंद. दिव्यांना बारीक किरणं फुटतात, वाहनांच्या दिव्यांची लाल-पांढरी रेघ होते, आणि संथ पाण्यात पूल दुसऱ्यांदा दिसतो. फोकस खांबावर. त्यावरच्या फुटांच्या खुणा वाचता आल्या पाहिजेत. पुलाचा नुसता रोषणाईचा फोटो कोणत्याही गावाचा असू शकतो. खांबावरचे आकडे असले की तो सांगलीचा होतो.

दादा घड्याळ पाहतात. त्यांचं घर सांगलीवाडीत.

"ताई, 2019 ला आमी ह्या पुलावर हुबं ऱ्हायलो हुतो. पाणी जवळ दिसत हुतं. आज किती खाली हाय."

त्यांच्यासाठी एक फोटो वेगळा काढते: ते पुलाकडे पाठ करून, पाणी मागे. आयएसओ 3200, एफ/2.8, 1/60. दाणेदार आला तरी हरकत नाही. तो त्यांच्या घरच्या भिंतीसाठी आहे.

रात्री 9:30

कार्डांवरचं सगळं दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवते, मगच कार्डं बाजूला ठेवते. प्रत्येक निवडलेल्या फोटोखाली जागा, वेळ, सेटिंग आणि सांगलीच्या फोटोंना रेघेचं साल. गल्लीच्या फोटोत मधली रेषा आखून द्यावी का, हा प्रश्न काम देणारे विचारतील. आखायची नाही. तिचा अर्थ खाली दोन वाक्यांत छापायचा, वाचणारा स्वतः बोट ठेवून पाहील.

उरलं छापखान्याला पाठवायचं टिपण. ऑफसेटमध्ये शाईचे ठिपके कागदावर जरा फुगतात आणि गडद जागा आणखी गडद होतात. म्हणून छपाई करणारे सवयीनं सगळ्याच सावल्या उघडतात, आणि दिवसभर सांभाळलेला दगड शेवटच्या टप्प्यावर करडा होतो. मी गडद छटा स्क्रीनवर थोड्या मोकळ्या करून देते, पोत ठिपक्यांत भरून जाऊ नये इतपतच, आणि टिपणात लिहिते: "पान 1, वाई: पायरीच्या कडेवरची छिन्नीची खूण दिसायला हवी, पण दगड यापुढे उजळ करू नये. पान 9, सांगली, गल्ली: चेहरे उघडे ठेवावेत, टोकाचं आकाश कोरंच राहू द्यावं. फोटो वरून किंवा खालून अजिबात कापू नये, मधली उंची बदलते. प्रूफ दिवसाच्या उजेडात पाहून मगच छपाई सुरू करावी. मी स्वतः येते."